गाठ सातव्या सेगमेंटमधून सहाव्यात कशी गेली?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं वय ५८, मधुमेह आहे, दारू घेत नाहीत. वार्षिक तपासणीत पोटाची सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये आलं, 'लिव्हर १४.६ सेंमी, ग्रेड १ फॅटी, सेगमेंट ७ मध्ये १५ मिमीची हायपरएकोइक (पडद्यावर पांढरी दिसणारी) गाठ, बहुधा हिमॅन्जिओमा.' घाबरून दीड महिन्याने दुसऱ्या सेंटरला पुन्हा केली. तिथे लिहिलं, 'लिव्हर १६.१ सेंमी, ग्रेड २ फॅटी, सेगमेंट ६ मध्ये १८ मिमीची गाठ, पित्ताशयाजवळ फोकल फॅट स्पेअरिंग.' दीड महिन्यात लिव्हर वाढलं, चरबी वाढली, गाठ वाढली आणि तिची जागाही बदलली? कोणाचा रिपोर्ट खरा मानायचा?

उत्तर:

आधी मुद्द्याचं सांगतो, कारणं मग. गाठ जागची हललेली नाही. ती वाढली असण्याची शक्यताही फार कमी आहे. आणि दोन्ही रिपोर्ट प्रामाणिकपणे, नीट बघून लिहिलेले असू शकतात. मी रेडिओलॉजिस्ट आहे, पोटाची सोनोग्राफी हे माझं रोजचं काम. असे जोडीचे रिपोर्ट घेऊन येणारे नातेवाईक आमच्याकडे नेहमीचे. बहुतेकांची समजूत अशी असते की मशीननं लिव्हरचा फोटो काढला, त्यामुळे दोन फोटोंत फरक म्हणजे लिव्हरमध्येच फरक.

सोनोग्राफीत लिव्हरचा अख्खा फोटो निघतच नाही. प्रोबच्या, म्हणजे पोटावर टेकवतात त्या मुठीएवढ्या यंत्राच्या, समोर काही मिलिमीटर जाडीचा एक काप दिसतो, तोही ज्या कोनात प्रोब धरलाय त्या कोनातला. मनगट जरा वळवलं की काप बदलला. पेशंटनं श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं, त्याच्याबरोबर लिव्हर खाली सरकतं आणि त्याच कापात दुसराच भाग येतो. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' हे आम्ही दहादा म्हणतो ते याचसाठी. फासळ्यांच्या आड दडलेलं लिव्हर श्वास रोखला की दोन-चार सेंटिमीटर खाली येतं. असे शेकडो काप जिवंत हलताना बघूनच डॉक्टरच्या डोक्यात पूर्ण लिव्हर तयार होतं. तुमच्या हातात येणाऱ्या फिल्मवर त्यातले मोजकेच गोठवलेले असतात. सीटी स्कॅनमध्ये सगळे काप साठवलेले असतात, उद्या दुसरा डॉक्टर तेच काप उघडून बघू शकतो. सोनोग्राफीत बघणाऱ्यानं जे बघितलं ते बरंचसं त्याच्याबरोबरच जातं. रिपोर्टमधल्या भाषेला म्हणूनच एवढं महत्त्व.

आता सेगमेंटकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला खरा घोळ तिथे आहे.

शाळेत आपण लिव्हरचे दोन भाग शिकतो, मोठा उजवा आणि छोटा डावा. मधली रेघ म्हणजे फाल्सिफॉर्म लिगामेंट, बाहेरून डोळ्यांना दिसणारी पट्टी. पण आतल्या रक्तपुरवठ्याचा या पट्टीशी मेळ बसत नाही. हाँगकाँगमध्ये काम केलेले स्कॉटिश डॉक्टर जेम्स कॅन्टली यांनी १८९७ मध्ये मांडलं की उजव्या-डाव्याची खरी सीमा पित्ताशयाच्या खोबणीपासून निघते आणि मागे आयव्हीसीपर्यंत, म्हणजे पोटातल्या सर्वांत मोठ्या अशुद्ध रक्तवाहिनीपर्यंत जाते. शवविच्छेदनात त्यांना असं लिव्हर दिसलं होतं की ज्याची उजवी बाजू आक्रसलेली आणि डावी वाढलेली होती, आणि बदल नेमका या रेषेवर थांबला होता, लिगामेंटवर नाही. (हेच कॅन्टली सुन यत-सेन यांचे शिक्षक. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत सुन यांना डांबून ठेवलं तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धावाधाव करणारेही हेच. आमच्याकडे शिकणाऱ्या पोरांना कॅन्टलीची रेषा पाठ असते, ही गोष्ट मात्र ठाऊक नसते.)

पुढे क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यविशारदानं यकृतातल्या वाहिन्यांचे साचे काढून त्यांच्या फांद्या बारकाईनं अभ्यासल्या आणि १९५७ च्या ग्रंथात लिव्हरचे आठ सेगमेंट मांडले. आज जगभरच्या रिपोर्टमध्ये जे १ ते ८ आकडे येतात ते त्यांचे. मागे आयव्हीसीला चिकटलेला कॉडेट लोब हा १. डावीकडचे २ आणि ३, मधला ४, मग उजवीकडे पुढचे ५ आणि ८, मागचे ६ आणि ७. समोरून बघितलं तर आकडे घड्याळाच्या दिशेनं फिरतात.

यामागचा विचार एकदा समजला की आकडे पाठ करावे लागत नाहीत. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. पाऊण हिस्सा पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी, प्लीहा, स्वादुपिंड यांच्याकडून. उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. पोर्टल व्हेनची प्रत्येक फांदी आपली आर्टरी आणि आपली पित्तनलिका सोबत घेऊन एकेका सेगमेंटच्या मध्यभागी शिरते. काम झालेलं रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन तीन: उजवी, मधली, डावी. त्या सेगमेंटच्या मधून जात नाहीत, दोन भागांच्या हद्दीवरून जातात. थोडक्यात, पोर्टलची फांदी दिसली तर तुम्ही वस्तीत आहात, हिपॅटिक व्हेन दिसली तर शिवेवर आहात.

आणि या दोन शिरा सोनोग्राफीत ओळखू येतात, ही निसर्गाची मोठी कृपा. पोर्टलच्या फांद्यांभोवती तंतूंचं आवरण असतं; फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते ग्लिसनचं आवरण. त्यामुळे पोर्टलच्या भिंती पडद्यावर पांढऱ्या, ठसठशीत दिसतात. हिपॅटिक व्हेनला असं आवरण नाही. ती काळी पट्टी, भिंतीविना. अपवाद इतकाच की ध्वनिलहरी तिच्यावर अगदी काटकोनात पडल्या तर तिचीही भिंत चमकते, आणि नवशिका तिला पोर्टल समजून बसतो. अशा वेळी शीर धरून मागे मागे जायचं. आयव्हीसीत पोचली तर हिपॅटिक, यकृतद्वाराशी, म्हणजे पोर्टल लिव्हरमध्ये शिरते त्या जागी, पोचली तर पोर्टल. यात चूक व्हायला वाव नाही.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते सांगतो. पेशंट उताणा. उजव्या फासळीच्या खाली कॉन्व्हेक्स, म्हणजे गोलसर तोंडाचा, प्रोब तिरपा टेकवायचा, साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा, आणि त्याचं तोंड वर, उजव्या खांद्याकडे करायचं. 'पोट फुगवून श्वास घ्या, धरा.' लिव्हर खाली येतं आणि पडद्यावर तिन्ही हिपॅटिक व्हेन आयव्हीसीकडे जाताना दिसतात. मधली आणि डावी बहुतेकांत आयव्हीसीला मिळण्याआधी एकत्र येतात, उजवी स्वतंत्र. हा लिव्हरचा वरचा मजला. मधल्या व्हेनच्या डावीकडे डावं लिव्हर, उजवीकडे उजवं. उजव्या व्हेनच्या पुढचा भाग ८, मागचा ७. आता श्वास तसाच धरलेला असताना प्रोबचं तोंड हळूहळू खाली पायांकडे वळवायचं. हिपॅटिक व्हेन बारीक होत जातात, पोर्टलचा आडवा भाग समोर येतो. त्याची उजवी शाखा पुढची आणि मागची अशी फुटताना दिसते. हा मधला मजला. आणखी खाली गेलं की पित्ताशय येतं, मागे उजवी किडनी येते. आता तुम्ही खालच्या मजल्यावर, म्हणजे पुढे ५, मागे ६.

डावीकडे हेच काम जास्त सोपं जातं. छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब ठेवला की डाव्या पोर्टलचा उभा भाग आणि त्याच्या फांद्या मिळून आडव्या पडलेल्या इंग्रजी एच अक्षरासारखं चित्र दिसतं. २, ३ आणि ४ च्या फांद्या वेगवेगळ्या मोजता येतात. म्हणून डावीकडच्या गाठीच्या सेगमेंटवरून दोन डॉक्टरांत सहसा वाद होत नाही.

उजवीकडे मागे मात्र होतो, आणि तुमच्या वडिलांची गाठ नेमकी तिथे आहे. ६ आणि ७ च्या मध्ये कोणतीही शीर आडवी जात नाही, पडदा नाही, खाच नाही. उजव्या पोर्टलच्या पातळीतून एक काल्पनिक आडवं प्रतल गेलं असं धरायचं. त्याच्या वर ७, खाली ६. आता शेताला बांध असतो आणि सातबाऱ्यावर गट नंबर असतो. लिव्हरच्या या कोपऱ्यात गट नंबर आहेत, बांध नाही. त्यातून मागच्या पोर्टल शाखेला प्रत्येकात दोन नीट फाटे फुटतातच असं नाही. कित्येकांत ती कमानीसारखी वळत जाते आणि तिला वरखाली अनेक बारीक फांद्या असतात. अशा लिव्हरमध्ये ६ कुठे संपला आणि ७ कुठे सुरू झाला हे छाती ठोकून कोणीच सांगू शकत नाही.

पोट उघडलेलं असताना सर्जनलाही ही हद्द डोळ्यांनी दिसत नाही. जपानचे मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात त्यावर युक्ती काढली. ऑपरेशन चालू असताना लिव्हरवरच प्रोब ठेवायचा, सोनोग्राफीत बघत हव्या त्या पोर्टल फांदीत सुई घालायची आणि निळा रंग सोडायचा. जेवढा पृष्ठभाग निळा झाला तेवढा त्या फांदीचा सेगमेंट. मग रंगाच्या कडेनं कापायचं. रंग घातल्याशिवाय जी हद्द उघड्या लिव्हरवर दिसत नाही, ती आम्ही फासळ्यांच्या फटीतून, धापा टाकणाऱ्या माणसात, पाच-दहा मिनिटांत ठरवायची असते.

आता तुमच्या दोन रिपोर्टकडे बघा. पहिल्या सेंटरला वडिलांना उताणं झोपवून फासळ्यांखालून वर बघितलं असेल, तर गाठ उजव्या हिपॅटिक व्हेनच्या मागे दिसली असेल. लिहिणाऱ्यानं ७ लिहिलं. दुसऱ्या ठिकाणी डाव्या कुशीवर वळवून फासळ्यांमधून बघितलं असेल, तर गाठ आणि किडनी एकाच कापात आली असेल. किडनी दिसली की हात आपोआप ६ लिहितो, कारण किडनीला टेकणारा भाग मुख्यत्वे ६ च असतो. कुशीवर वळल्यावर लिव्हर थोडं डावीकडे कलतं, किडनीही सरकते, श्वासानं दोघांचं आपसातलं अंतर बदलतं. ही माझी अटकळ आहे, मी त्या खोल्यांत नव्हतो. पण या कोपऱ्यातल्या गाठीबाबत असं होणं अगदी नित्याचं. मी स्वतः अशा वेळी '६/७ च्या सीमेवर, उजव्या हिपॅटिक व्हेनच्या मागे, पृष्ठभागापासून अमुक अंतरावर' असं लिहितो. सेगमेंटच्या आकड्यापेक्षा शेजारची शीर आणि पृष्ठभागापासूनचं अंतर पुढच्या डॉक्टरला जास्त कामाचं.

१५ मिमी आणि १८ मिमीचा फरक तर मनावर घेऊच नका. गाठ क्वचितच चेंडूसारखी गोल असते. एका कापात लांबी मापली, दुसऱ्यात रुंदी, की तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. कडा पांढरट आणि आजूबाजूचं लिव्हरही पांढरट असेल तर कर्सर नेमका कुठे ठेवायचा यातच एक-दोन मिलिमीटर जातात.

लिव्हरच्या लांबीची तीच गत. १४.६ आणि १६.१. हे माप घेतात गळ्याखालच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली सोडलेल्या रेषेवर, वर श्वासपटलापासून खाली लिव्हरच्या टोकापर्यंत. ही रेषा एक-दोन सेंटिमीटर बाहेर सरकली, प्रोब जरा तिरपा झाला, की आकडा बदलतो. साधारण १५-१६ सेंमीपर्यंत आम्ही ठीक म्हणतो. नेमकी मर्यादा सेंटरगणिक थोडी वेगळी असते आणि उंच माणसात जास्त माप असणारच. काहींच्या, विशेषतः बायकांच्या, उजव्या लिव्हरला खाली जिभेसारखा लांब भाग असतो. बर्नहार्ड रीडेल यांनी १८८८ मध्ये तो वर्णन केला म्हणून रीडेल लोब म्हणतात. तो कधी कधी कमरेच्या हाडापर्यंत लोंबतो, हाताला गाठ म्हणून लागतो आणि रिपोर्टमध्ये 'लिव्हर वाढलंय' असं येतं. वाढलेलं काही नसतं, घडणच तशी. एकट्या लांबीवरून लिव्हर मोठं झालं असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. लिव्हरची खालची कड टोकदार आहे की बोथट, हे बघितलेलं असेल तर त्या आकड्याला काही अर्थ.

चरबीच्या ग्रेडवर मात्र थोडं थांबू, कारण वडिलांच्या तब्येतीच्या दृष्टीनं खरा विषय हाच आहे.

निरोगी लिव्हर आणि उजव्या किडनीचा बाहेरचा थर पडद्यावर जवळपास सारख्याच करड्या रंगाचे दिसतात, लिव्हर किंचित उजळ. पेशींत चरबी साठली की आवाज जास्त विखुरतो, लिव्हर पांढरं दिसू लागतं आणि शेजारची किडनी त्यापुढे काळी वाटते. एवढंच असेल तर ग्रेड १. पोर्टलच्या त्या ठसठशीत पांढऱ्या भिंती आजूबाजूच्या पांढऱ्यात बुडून गेल्या तर ग्रेड २. लहरी वाटेतच इतक्या शोषल्या जातात की मागचा भाग आणि श्वासपटलही दिसेनासं होतं, तेव्हा ग्रेड ३. या पायऱ्यांमध्ये कुठलंही माप नाही, सगळा डोळ्यांचा अंदाज. मशीनची गेनची, म्हणजे चित्र उजळ-अंधूक करणारी, खुंटी थोडी फिरवली, वेगळ्या कंपनीचं मशीन असलं, चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग चालू असली, की तेच लिव्हर पाव ग्रेड इकडे तिकडे होतं. ग्रेड १ आणि २ च्या मध्ये असलेल्या माणसाला दोन ठिकाणी दोन ग्रेड मिळणं स्वाभाविक आहे. थोडी चरबी असेल तर सोनोग्राफीत कळतही नाही. साधारण २०-३० टक्के पेशींत साठल्यावरच ती भरवशानं दिसते. 'नॉर्मल सोनोग्राफी' आणि 'चरबी नाही' या दोन वाक्यांत म्हणूनच अंतर आहे.

दुसऱ्या रिपोर्टमधला 'फोकल फॅट स्पेअरिंग' हा शब्द वाचून पुष्कळजण घाबरतात. वास्तविक तो दिलासा देणारा शब्द आहे. सगळं लिव्हर चरबीनं पांढरं झालेलं असताना पित्ताशयाला लागून एक काळसर ठिपका उरतो, तिथे चरबी साठलेली नसते. कारण पुन्हा रक्तपुरवठ्यातच आहे. पित्ताशयाकडच्या बारीक शिरा तिथे थेट लिव्हरमध्ये शिरतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन घेऊन येणाऱ्या पोर्टलच्या रक्ताचा वाटा त्या जागेला कमी मिळतो. अशीच जागा पोर्टलच्या पुढे, सेगमेंट ४ मध्ये असते. उलट प्रकारही दिसतो: फाल्सिफॉर्म लिगामेंटच्या बाजूला चरबीचा एकटाच पांढरा पट्टा. ही गाठ नाही हे कसं ओळखायचं? कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या, आणि त्या भागातून शिरा न वाकता सरळ जातात. गाठ असती तर तिनं शिरांना बाजूला ढकललं असतं. दुसऱ्या डॉक्टरनं हे टिपलं, याचा अर्थ त्यांनी पित्ताशयाभोवती निवांत बघितलं आहे. आणि स्पेअरिंग दिसण्याइतकं बाकीचं लिव्हर पांढरं होतं, म्हणून मी त्यांच्या ग्रेड २ कडे झुकेन.

आता गाठीचं स्वरूप. हिमॅन्जिओमा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका. लिव्हरमधल्या साध्या घन गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. ठरावीक चित्रात ती छोटी, रेखीव कडांची, एकसारखी पांढरी असते. भोवती काळं कडं नसतं आणि पुष्कळदा तिच्या मागचा भाग थोडा उजळ दिसतो. निरोगी लिव्हर, कॅन्सरचा इतिहास नाही आणि तीन सेंटिमीटरपेक्षा लहान अशी ठरावीक गाठ, तर सोनोग्राफीवर थांबता येतं. वडिलांच्या बाबतीत एक अडचण आहे. मागचं लिव्हरच पांढरं असलं की पांढरी गाठ त्यात उठून दिसत नाही. फॅटी लिव्हरमध्ये हिमॅन्जिओमा चक्क काळसरही दिसतो. ग्रेड २ मध्येही ती पांढरी उठून दिसतेय म्हणजे बऱ्यापैकी उजळ असणार, पण शंभर टक्के खात्री सोनोग्राफीनं देऊ नये. त्यात मधुमेह आणि वय ५८. म्हणून एकदा शिक्कामोर्तब करून घ्यावं असं माझं मत.

गाठीसारखं दिसून फसवणाऱ्या गोष्टीही लिव्हरमध्ये बऱ्याच आहेत. डाव्या बाजूला लिगामेंटम टेरेस, म्हणजे आईच्या पोटात असताना नाळेतून रक्त आणणाऱ्या शिरेचा उरलेला दोर, आडव्या कापात पांढऱ्या गोळ्यासारखा दिसतो. प्रोब नव्वद अंशांत फिरवला की गोळ्याचा दोर होतो आणि शंका मिटते. श्वासपटलाच्या स्नायूंच्या घड्या वरच्या पृष्ठभागावर गाठीचा आभास करतात. आणि श्वासपटलाला लागून असलेली खरी गाठ आरशातल्यासारखी फुप्फुसाच्या बाजूला पुन्हा उमटते. एकाच्या दोन झाल्या म्हणून कोणी घाबरू नये. तुमच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना, दोन मशीनवर, साधारण त्याच कोपऱ्यात, साधारण त्याच मापाची गाठ दिसली. म्हणजे ती आभास नाही, एवढं दोन रिपोर्टनी मिळून पक्कं केलं. पैसे वाया गेले असं समजू नका.

दोन्ही रिपोर्टमध्ये जे लिहिलेलं नाही त्याकडेही लक्ष द्या. मधुमेह आणि फॅटी लिव्हर जोडीनं असताना मला जाणून घ्यायचं असतं ते लिव्हरचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, पोर्टल व्हेन किती रुंद आहे (शांत श्वासात १३ मिमीपर्यंत ठीक), रक्त लिव्हरकडेच वाहतंय ना, प्लीहा वाढली आहे का आणि कॉडेट लोब कसा आहे. हा कॉडेट, म्हणजे सेगमेंट १, मोठा मजेदार भाग. त्याच्या शिरा तीन मोठ्या हिपॅटिक व्हेनवर अवलंबून नाहीत, थेट आयव्हीसीत उघडतात. त्यामुळे हिपॅटिक व्हेन गोठल्या तरी तो तग धरतो आणि बाकी लिव्हर आजारी असताना हा फुगतो. सिऱ्हॉसिसमध्येही, म्हणजे लिव्हरमध्ये वण साठून ते कडक, खडबडीत होतं तेव्हा, ६-७ चा भाग आक्रसत जातो, कॉडेट आणि डावी बाजू वाढते. अनुभवी डॉक्टर लिव्हरच्या नुसत्या घडणीवरून सिऱ्हॉसिसचा वास घेतो तो असा.

त्या ६-७ च्या कोपऱ्याबद्दल आणखी एक. आपल्याकडे अमिबाचं गळूही बहुधा उजव्या बाजूलाच, वरच्या-मागच्या भागात होतं. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, कधी कधी फक्त उजवा खांदा दुखणं. ताडी आणि हातभट्टी पिणाऱ्या पुरुषांत ते जास्त. तिथे सेगमेंटचा आकडा खरा कामाला येतो, कारण सुई कुठून घालायची आणि फुप्फुसाचं आवरण कसं टाळायचं हे त्यावर ठरतं. तुमच्या वडिलांना ना ताप ना दुखणं आणि गाठ पांढरी, त्यामुळे गळवाचा विचार इथे नाही. त्यांच्यासाठी ६ की ७ या प्रश्नावर उपचारातलं काहीच अवलंबून नाही.

तर करायचं काय. तिसऱ्या सेंटरला पुन्हा साधी सोनोग्राफी करू नका. तिसरा आकडा मिळेल आणि जीव आणखी टांगणीला लागेल. हिपॅटायटिस बी आणि सी, एलएफटी (लिव्हरच्या कामाची तपासणी), प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीसाठी) एवढं रक्त तपासून घ्या. गाठीसाठी एकदाच कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, घालून एमआरआय किंवा तीन टप्प्यांचा सीटी करा. जिथे सोय आहे तिथे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीही चालते. हिमॅन्जिओमात कॉन्ट्रास्ट आधी कडेला ठिपक्याठिपक्यानं भरतो आणि मग हळूहळू मध्याकडे सरकतो. हे चित्र दिसलं की विषय संपला, नंतर सुईनं तुकडा काढण्याची गरज नाही. मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते कॉन्ट्रास्टच्या आधी जरूर सांगा. सिऱ्हॉसिस निघाला, तर मात्र वेगळा हिशेब: मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एक सेंमी किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या गाठीची सीटी-एमआरआयनं शहानिशा.

चरबीसाठी ग्रेडच्या मागे लागण्यापेक्षा फायब्रोस्कॅन करा. त्यात चित्र नसतं. फासळ्यांमधून एक हलका ठोका दिला जातो आणि त्याची लहर लिव्हरमधून किती वेगानं जाते यावरून ताठरपणा किलोपास्कलमध्ये मिळतो, शिवाय चरबीचाही आकडा मिळतो. तो आकडा वर्षादोनवर्षांनी ताडून बघता येतो, ग्रेड तसा येत नाही. चरबीच्या या आजाराला २०२३ पासून 'मेटाबॉलिक डिसफंक्शन'शी जोडलेलं नवं नाव मिळालं आहे, जुन्या रिपोर्टमध्ये 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, आजार तोच. केंद्र सरकारनंही २०२१ मध्ये त्याचा समावेश मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, कारण मुळं एकच. वजन आणि साखर आटोक्यात आली तर ही चरबी उतरते.

पुढे कधी सोनोग्राफी करायची वेळ आलीच तर आधीच्या दोन सेंटरपैकी एक धरून ठेवा आणि दोन्ही जुने रिपोर्ट फिल्मसकट बरोबर न्या. टेबलावर झोपायच्या आधीच ते डॉक्टरच्या हातात द्या, तपासणी झाल्यावर पिशवीतून काढू नका. आधीची गाठ कुठे होती हे माहीत असलं की बघणारा नेमका त्याच कापात जाऊन माप घेतो. सहा तास उपाशी राहायचं ते पित्ताशय भरलेलं राहावं आणि आतड्यातला गॅस कमी असावा म्हणून, पाणी चालतं. वडिलांना मधुमेह आहे, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागून घ्या, आणि गोळी किंवा इन्सुलिन तपासणीआधी घ्यायचं की नंतर हे त्यांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.